आधी सोफा, मग स्पीकर

ड्रिल मशीन घेऊन आलेला मुलगा स्टुलावर चढतो, भिंतीवर पेन्सिल टेकवतो आणि विचारतो, "काका, भोक कुठं मारू?" स्पीकरचा संच, रिसीव्हर, वायरचं बंडल, सगळं खोक्यातून बाहेर आलेलं असतं, या एका प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाकडेच तयार नसतं. मग घरातलं कुणीतरी वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतं. तिथली जागा मोकळी आहे, मुलांचा हात पोचत नाही, पडद्याच्या दांडीला अडथळा नाही. अर्ध्या तासात मागचे दोन्ही स्पीकर छताला खेटून बसतात, आणि त्या घरात बघितल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रपटातली पावलं, कुजबुज आणि मोटारी छताच्या कोपऱ्यातून चालू लागतात.

स्पीकर चांगलाच असतो, जागा चुकते. आजच्या रिसीव्हरमध्ये हिशेब करणारी चिप असते. मागचा एक स्पीकर कानापासून पाच फुटांवर आणि दुसरा आठ फुटांवर असला, तर जवळच्या स्पीकरचा आवाज ती किंचित उशिरा सोडते आणि जरा कमी करते. दोन्हींचा आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने कानाशी पोचतो. अंतरातली तफावत यंत्र अशी परस्पर निस्तरतं. कोनातली निस्तरत नाही. स्पीकर डोक्याच्या मागे आहे की बाजूला, कानाच्या रेषेत आहे की माळ्यावर, हे कुठल्याही बटणाने बदलत नाही. म्हणून घरात या विषयावर भांडायचंच असेल तर कोनासाठी भांडावं. अंतराच्या बाबतीत तडजोड चालते.

प्रेक्षकाच्या आजूबाजूने आवाज ऐकवण्याची हौस जुनी आहे. वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी १९४० साली आरसीए कंपनीच्या मदतीने 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा उभी केली गेली. पडद्यामागच्या स्पीकरांखेरीज प्रेक्षागृहातही स्पीकर लावले गेले. यंत्रणा इतकी अवजड आणि खर्चिक होती की मोजक्याच थिएटरांत पोचली. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आला. त्याच्या फिल्मवर आवाजाच्या चार चुंबकीय पट्ट्या होत्या, तीन पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि एक प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी. आपल्याकडे १९७५ चा 'शोले' सत्तर एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजासह झळकला. नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, हा किस्सा त्या पिढीतले लोक अजून रंगवून सांगतात. आज घराघरांत ज्याला ५.१ म्हणतात ती रचना डॉल्बी डिजिटलच्या रूपात १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून थिएटरांत रुळली. पुढचे तीन, मागचे दोन, आणि '.१' म्हणजे फक्त खालच्या सुरांच्या दणक्यांसाठी राखलेली वाट, जी सबवूफरकडे जाते.

थिएटरातला आवाज घरी आणताना एक गोष्ट मात्र थिएटरातच राहून जाते. तिथे डाव्या भिंतीवर स्पीकरांची अख्खी रांग असते आणि तिच्यातले सगळे स्पीकर बहुतेक वेळा एकच आवाज काढत असतात. त्यामुळे तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसा, आवाज 'डावीकडून' येतो. कुठल्या एका खोक्यातून येतोय असं वाटत नाही. घरी त्या रांगेचं काम एकट्या स्पीकरच्या गळ्यात पडतं. तो कानाशी आला की आवाजाचं वातावरण संपतं आणि कुणीतरी कानात बोलतंय असं होतं.

आपले कान या बाबतीत काय करू शकतात आणि काय नाही, हे बघितलं की जागेचे नियम आपोआप उलगडतात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो, तरी मेंदूला तो पुरतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते हळूही ऐकू येतात. समोरून येणाऱ्या आवाजाची दिशा आपण एक-दोन अंशांपर्यंत अचूक सांगतो. बाजूच्या आवाजाला मात्र दहा-दहा अंशांची चूक सहज होते. आणि एकदम समोरून येणारा आवाज व एकदम मागून येणारा आवाज दोन्ही कानांना सारख्याच वेळी पोचत असल्याने, त्यांच्यातला फरक ओळखायला कानाच्या पाळीची वळणं आणि मानेची नकळत होणारी हालचाल एवढाच आधार उरतो.

याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. मागचा स्पीकर चार-पाच अंश इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही, त्यासाठी भिंतीवरची चौकट हलवायची गरज नाही. पण तो बाजूला न राहता समोर सरकला किंवा अगदी डोक्यामागे गेला, तर सगळा खेळ बिघडतो. कारण आवाज नेमका बाजूने, जरासा मागून येतो तेव्हाच दोन्ही कानांना सर्वांत वेगवेगळं ऐकू येतं, आणि आपण कशाच्या तरी मधोमध बसलोय हा भास त्याच फरकातून तयार होतो.

आता आकडे. टीव्हीचा मध्य म्हणजे शून्य अंश आणि दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत फैलावले तर ते नव्वद अंश. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस पुढचे डावे-उजवे स्पीकर ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर ठेवण्याची आहे. डॉल्बी घरासाठी ९० ते ११० अंश सांगते. म्हणजे आपण ज्यांना सर्रास 'मागचे' म्हणतो ते खरं तर बाजूचे स्पीकर आहेत. सोफ्यावर बसा, हात फैलावा, ते वीतभर मागे न्या. बोटं ज्या भिंतीकडे रोखली जातील तिथे स्पीकर. खरे मागचे स्पीकर ७.१ मध्ये असतात, १३५ ते १५० अंशांवर. पण त्यांच्यासाठी सोफ्यामागे काही फूट मोकळी जागा लागते, आणि ती ज्यांच्याकडे आहे ते हा लेख वाचण्याऐवजी इंटिरियर डिझायनरशी बोलत असतील. बाकीच्यांनी ५.१ नीट लावावं. भिंतीशी कोंबलेल्या ७.१ पेक्षा ते नक्की चांगलं वाजतं.

मुंबई-पुण्यातल्या टू बीएचकेचा हॉल घेऊ, दहा फूट बाय सोळा फूट. टीव्ही दहा फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून तीन जणांचा सोफा. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलं की डोकं भिंतीपासून जेमतेम फूटभर पुढे असतं. मधल्या माणसापासून बाजूची भिंत पाच फुटांवर. या हिशेबाने स्पीकर अगदी कोपऱ्यात नेला तरी कोन १०० अंशांच्या आसपासच राहतो. सोफा फक्त एक फूट पुढे ओढा. त्याच कोपऱ्यातला तोच स्पीकर एकदम ११० अंशांवर जातो. हजारो रुपये खर्चून नवे स्पीकर आणले तरी जो फरक पडणार नाही, तो एका फुटाने पडतो. शिवाय खालचे सूर भिंतीलगत साचतात. डोकं भिंतीला चिकटलेलं असलं की ढोल नुसता घुमतो, त्याची थाप ऐकू येत नाही. तोही त्रास त्या एका फुटाने बराच कमी होतो. सोफ्यामागे केर साचेल ही घरातली तक्रार खरी आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही.

टीव्ही सोळा फुटी भिंतीवर असला तर गणित उलटतं. बाजूची भिंत आठ फुटांवर जाते आणि डोकं मागच्या भिंतीपासून फूटभरच. कोपऱ्यातला स्पीकरही ९७ अंशांच्या पुढे जात नाही. पण हे वाईट नाही. नव्वदच्या वर आहे, आणि स्पीकर लांब असल्याने कानात ओरडत नाही. अशा हॉलमध्ये सोफा हलवायच्या भानगडीत पडू नये.

मधल्या जागेचं सगळं जमतं, प्रश्न असतो कडेला बसणाऱ्याचा. दहा फुटी रुंदीत तो एका भिंतीपासून तीन फुटांवर आणि दुसरीपासून सात फुटांवर असतो. जवळचा स्पीकर त्याला सात डेसिबलनी मोठा ऐकू येतो आणि त्याचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी पोचतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर मेंदू पहिल्या आलेल्याचीच दिशा खरी मानतो. दुसरा बराच मोठा असला तरी. इथे तर पहिलाच मोठाही आहे. म्हणजे कडेच्या माणसाला दोन्ही बाजूंना असलेल्या गर्दीतली एकच बाजू ऐकू येते.

त्यावर उपाय उंचीचा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असतो. स्पीकर त्याच पातळीवर ठेवण्याऐवजी दोन फूट वर नेला, तर कडेच्या माणसाचं जवळच्या स्पीकरपासूनचं अंतर वाढतं, लांबच्यापासूनचं फारसं नाही. फरक सात डेसिबलवरून सहावर येतो. तीन फूट वर नेला तर पाचवर. आकडे छोटे दिसतात, पण त्याला दुसऱ्या गोष्टीची जोड मिळते. स्पीकरचा ट्वीटर ज्या दिशेने रोखलेला असतो तिथेच वरचे सूर स्वच्छ जातात, कडेला ते उतरतात. म्हणून कंसाचा, म्हणजे ब्रॅकेटचा, रोख असा ठेवायचा की स्पीकर जवळच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे बघेल. जवळच्याला तो मंद वाटतो, लांबच्याला उजळ, आणि दोघांचं जमतं. ल्युकासफिल्मच्या टीएचएक्सने घरगुती संचांसाठी याच कारणाने द्विमुखी स्पीकर पुढे आणले होते. एक तोंड पुढे, एक मागे, आणि बसणाऱ्याच्या दिशेला जवळपास शांतता. खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाजच काय तो पोचायचा. आता ते फारसे दिसत नाहीत, पण ज्यांच्या सोफ्याला भिंत अगदी चिकटलेली आहे त्यांनी जुन्या बाजारात मिळाले तर विचार करावा.

मग छताजवळच का नको? कारण उंचीलाही आता अर्थ आला आहे. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये पिक्सारच्या 'ब्रेव्ह'बरोबर आलं आणि त्यात डोक्यावरचा आवाज वेगळा नोंदवलेला असतो. बाजूचे स्पीकर छतालाच टांगले तर हेलिकॉप्टर आणि रिक्षा एकाच उंचीवरून जाऊ लागतात. ॲटमॉस लावायचं असेल तर बाजूचे स्पीकर कानाच्या जरासे वर, शेजाऱ्याच्या डोक्याआड जाणार नाहीत इतपतच असावेत, साधं ५.१ असेल तर पाच ते साडेपाच फुटांची उंची बहुतेक हॉलना मानवते. ॲटमॉसचा स्वस्त मार्ग म्हणजे छताकडे आवाज फेकून तो परतवणारे स्पीकर. त्यांना सपाट, कडक छत लागतं. आपल्याकडे त्याच जागी पंखा फिरत असतो, कुठे बीम खाली उतरलेला असतो, कुठे पीओपीच्या तीन पायऱ्या आणि झुंबर असतं. अशा छताखाली हे स्पीकर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आपल्या हॉलचा आणखी एक स्वभाव म्हणजे त्याला एक बाजूच नसते. एकीकडे भिंत, दुसरीकडे जेवणाच्या टेबलाकडे जाणारी मोकळीक किंवा बाल्कनीचा सरकता दरवाजा. लोक मग डावा स्पीकर भिंतीवर आणि उजवा जिथे सापडेल तिथे, पार स्वयंपाकघराच्या दारावर वगैरे लावतात. इथे सुरुवातीचा नियम कामाला येतो. कोन सारखा ठेवा, अंतर सोडून द्या. डावा पाच फुटांवर ११० अंशांत असेल, तर उजवा स्टँडवर, मागच्या भिंतीच्या टोकाला, किंवा पंख्यासारखा स्लॅबमधून दांडी सोडून, कसाही ११० च्या जवळपास आणा. तो सात फुटांवर गेला तरी रिसीव्हर बघून घेईल. दोन्ही मागच्याच भिंतीवर लावावे लागले तर ते जितके दूर-दूर नेता येतील तितके न्या आणि त्यांची तोंडं डोक्यांकडे न ठेवता एकमेकांकडे वळवा.

जागा ठरली की लगेच ड्रिल लावू नये. पुस्तकांची चळत, शिडी, कपाट, जे मिळेल त्यावर स्पीकर ठेवून आठवडाभर चित्रपट बघावेत. मागचे स्पीकर बहुतेक वेळ गप्पच असतात: पाऊस, गर्दीचा गलका, जंगलातले किडे, एवढंच त्यांच्याकडे येतं आणि संवाद मधल्या स्पीकरमधून. दुकानातल्या प्रात्यक्षिकात ते मुद्दाम चढवून ठेवलेले असतात. घरी ते सतत जाणवत असतील तर आवाज जास्त आहे. बंद केल्यावर खोली अचानक लहान वाटली तर बरोबर आहे.

आता भिंत. जुन्या इमारतींत विटांची भिंत असते. आठ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी, म्हणजे रॉल प्लग, आणि स्क्रू, एवढ्यावर तीन-चार किलोचा स्पीकर निर्धास्त राहतो. मात्र गिट्टी विटेत बसली पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी कालांतराने सैल होते. तिथे लांब, खास त्यासाठीची नायलॉनची गिट्टी घ्यावी आणि ड्रिलचा हातोडा बंद करून नुसतं फिरवून भोक पाडावं. नव्या टॉवरांमध्ये मायव्हान पद्धतीच्या भिंती सलग काँक्रीटच्या असतात. त्यांत भोक पडतं, पण वायर लपवण्यासाठी झिरी मारायची नाही. ती भिंत इमारतीचं वजन पेलते आहे. कॉलम आणि बीमलाही हेच लागू. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला वजनदार स्पीकर टांगायचा तर आधार वरच्या स्लॅबचा घ्यावा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही ड्रिल चालवू नये, विजेच्या नळ्या बहुधा त्याच रेषेत उतरलेल्या असतात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर पाण्याच्या पाइपांची चौकशी करावी. कोकण-मुंबईकडे पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे ब्रॅकेट गंजतो आणि स्पीकरही खराब होतो. शक्यतो आतली भिंत निवडावी. पाठीमागे भोक असलेला स्पीकर भिंतीला सपाट चिकटवू नये, चार बोटं जागा सोडणारा ब्रॅकेट घ्यावा.

वायरबद्दल दुकानदार जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं. शुद्ध तांब्याची १६ गेजची वायर आठ ओहमच्या स्पीकरला चाळीस फुटांपर्यंत सहज पुरते, त्यापुढे १४ गेज. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढी टाळावी. रंगकाम निघालं असेल तर त्याच वेळी भिंतीत स्वतंत्र नळी टाकून घ्यावी, विजेच्या वायरबरोबर एकाच नळीतून स्पीकरची वायर नेऊ नये. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली तर उद्या दुसरी वायर ओढता येते. भाड्याच्या घरात पट्टी मारून स्कर्टिंगच्या कडेने वायर न्यावी आणि स्टँड वापरावेत. वायरलेस स्पीकर हा सोपा मार्ग वाटतो. पण त्यांनाही विजेचा प्लग लागतो, आणि सोफ्यामागे प्लग पॉइंट असलेला हॉल मी फार थोड्या घरांत पाहिला आहे.

शेवटी रिसीव्हरबरोबर आलेला मायक्रोफोन सोफ्यावर न ठेवता, हातात न धरता, तिवईवर कानाच्या उंचीला लावून मोजणी करायची. पंखा, एसी बंद. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर. रिसीव्हरमधलं मोजणीचं सॉफ्टवेअर ऑडिसी असो, यामाहाचं वायपीएओ असो की डिरॅक, प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी ते स्वतः भरतं. सबवूफरचं अंतर खोलीपेक्षाही मोठं दाखवलं तर घाबरू नये. त्याच्या आतल्या सर्किटमध्ये होणारा उशीर त्यात धरलेला असतो. एखाद्या स्पीकरला 'फेज' चुकल्याची सूचना आली तर आधी लाल-काळी टोकं तपासावीत.

आणि एवढं करूनही मागून काहीच ऐकू आलं नाही तर भिंतीकडे संशयाने बघण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. चित्रपट जुना असेल, तर तो मोनो असण्याची शक्यता दाट आहे आणि मागच्या स्पीकरांकडे जाण्यासारखं त्यात काही नाही. चित्रपट नवा असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर अडकलेलं असतं. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या एआरसीच्या, म्हणजे एचडीएमआयच्या, वायरीतून तेव्हा दोनच वाटांचा आवाज जातो. ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करावं.